रत्नमालेचं नाव

मी ‘हौसा’ म्हणाले आणि ऋजुताच्या सासऱ्यांनी तोंडाशी नेलेली चहाची बशी खाली ठेवली.

“कुठली हौसा?”

“माझी आई. हौसाबाई. आमच्या गावात सुईण होती ती.”

“गाव कुठलं तुमचं, सिस्टर?”

मी गावाचं नाव सांगितलं. नदीच्या अंगाला मातंग वस्ती आहे, तिथलं आमचं घर, हेही सांगितलं. मला त्यात लपवायचं काही नव्हतं. आबा, म्हणजे ऋजुताचे सासरे, उठून उभेच राहिले.

“आवळ्यांच्या घरातली हौसा?”

“हो. तुम्ही ओळखता?”

त्यांनी मला उत्तर दिलं नाही. सुनेकडे वळून म्हणाले, “ऋजुता, त्या बाईचं नाव माझ्या इमारतीवर लागणार नाही.”

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. मिरजेतल्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात एकोणीस वर्षं नोकरी करून मी मार्चमध्ये राजीनामा दिला होता. ऋजुता पाटील फिजिओथेरपिस्ट, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आमची ओळख त्याच वॉर्डात झाली. कळा देणाऱ्या बायकांवर ओरडणारे डॉक्टर, मांडीवर चापट्या मारणाऱ्या आया, आणि बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेले नवरे, हे बघून आम्ही दोघी सारख्याच चिडायचो. त्या चिडण्यातूनच आमचं ठरलं. गरोदर बायकांचे आणि त्यांच्या नवऱ्यांचे वर्ग घ्यायचे. आणि पहिल्या कळेपासून बाळ छातीशी लागेपर्यंत आमच्यापैकी एकीनं त्या बाईजवळ थांबायचं. हैदराबादला आम्ही त्याचं प्रशिक्षण घेतलं. या कामाला तिकडे ‘डूला’ म्हणतात. तो शब्द ऐकून माझ्या नवऱ्यानं विचारलं होतं, “पाळणाघर काढताय का?”

म्हणून नाव मराठीच हवं, हे पक्कं होतं. तीन आठवडे आम्ही वहीची पानं भरत होतो. ‘अंकुर’ नावाची रोपवाटिका स्टँडजवळच होती. ‘मातृका’ नावाचं मंगल कार्यालय होतं. ‘गर्भश्री’ ऋजुताला आवडलं होतं, मला ते लॉटरीच्या तिकिटासारखं वाटलं. शेवटी एक दिवस मी घाबरत घाबरत म्हणाले, “हौसा?” आणि ऋजुतानं वही मिटली.

तिलाही ते पटण्यासारखंच होतं. आमचा निम्मा अभ्यासक्रम माझ्या आईचा होता. ऋजुता तीन दुपारी आईसमोर बसून लिहून घेत होती. कळ आली की कंबर कुठं दाबायची, मेढीच्या खांबाला धरून उकिडवं कसं बसवायचं, बाई घाबरली की तिच्याशी काय बोलायचं. आई सांगताना मधेच थांबायची, म्हणायची, “आता हे समदं डाक्टर करत्यात की.” ऋजुता म्हणायची, “नाही हो मावशी, हे कुणीच करत नाही.”

आबांच्या इमारतीतला तळमजल्याचा हॉल आम्हाला मिळणार होता. त्यांना नाव सांगायचं म्हणून आम्ही त्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. पाटील आमच्या भागात दर तिसऱ्या दारावर असतात. हे पाटील म्हणजे आमच्या गावचे पाटील, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. मी सात वर्षांची असताना आम्ही गाव सोडलं होतं.

“का नाही लागणार?” मी विचारलं.

“तुमच्या आईनं माझी बहीण मारली म्हणून.”

ऋजुता म्हणाली, “आबा!”

“काय आबा? पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती पोर. एकोणीस वर्षांची. त्या बाईनं घोळ घातला. पोरही गेली आणि पोटातलं पोरही.” ते आत गेले आणि चौकटीतला एक फोटो घेऊन आले. दोन वेण्या पुढं घेतलेली, नाकात चमकी घातलेली मुलगी. “ही रत्नमाला. नाव मी कधीच ठरवून ठेवलंय. रत्नमाला मातृत्व केंद्र. म्हणून तर हॉल देतोय. नाहीतर बँकवाले मागत होते तो.”

मी ऋजुताकडे बघितलं. ती फोटोकडे बघत होती.

“निर्मलाताई,” ती हळूच म्हणाली, “आपण जरा थांबून बोलू या. शेवटी नावच आहे ना...”

“नावच आहे ना? मग माझ्या आईचं राहू दे.”

मी पर्स उचलली आणि निघाले. जिना उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी तशीच फरफटत रिक्षापर्यंत गेले.

आता एक गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण सांगते. घरी पोचेपर्यंत मी त्या माणसाचं बोलणं खरं धरलं होतं. एकोणीस वर्षं वॉर्डात काढली होती मी. गावातल्या सुईणीनं नासवलेल्या केसेस आमच्याकडे यायच्या, तेव्हा डॉक्टरांच्या बरोबरीनं मीही त्यांना नावं ठेवायचे. नर्सिंग कॉलेजात तर मी आई सूतगिरणीत आहे असं सांगत होते. त्या दिवशी घरात शिरले ती आईवर धावूनच गेले.

आई ओट्याशी शेंगा फोडत बसली होती.

“पाटलाची रत्नमाला तुझ्या हातून गेली?”

तिचा हात थांबला. मान वर झाली नाही.

“कुनी सांगितलं?”

“गेली की नाही ते सांग.”

“गेली.”

“आणि तू मला कधी बोलली नाहीस? तुझं नाव पाटीवर घालायला निघाले होते मी! दोन महिने सगळ्यांना सांगत फिरते, माझी आई अशी, माझी आई तशी...”

“म्या म्हनलं हुतं का घाल म्हनून?”

मी तिच्यासमोर खाली बसले आणि केसपेपर भरावा तसे तिला प्रश्न विचारायला लागले. कळा कधी सुरू झाल्या? पाणी कधी फुटलं? काय दिसलं? ती एकेका शब्दात उत्तरं देत गेली. आदल्या सांजेला. पहाटे. हात.

“हात?”

“हात आला आदी. पोर आडवं हुतं.”

आडव्या मुलाला पोट फाडल्याशिवाय वाट नसते. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तिला हातानं माहीत होतं.

“मग तू काय केलंस?”

“काय करनार? भायेर आले. मागल्या दारात हुबी ऱ्हायले, पुढं जायाची सोय न्हवती. म्हातारी पाटलीन हुती, हा थोरला ल्योक हुता. म्या सांगितलं, हे माज्याच्यानं हुनार न्हाई. कुनाच्याच्यानं घरात हुनार न्हाई. आत्ताच्या आत्ता मिरजंला न्या. जीप दारात हुबी हुती. धुऊन पुसून, झेंडूची माळ घालून.”

“माळ?”

“त्याचा साखरपुडा हुता त्या दिशी. सांगलीस्नं पोरीकडच्यास्नी आनायचं हुतं. म्हातारी म्हनली, आज दारात पावनं येनार आनि आमची लेक बोंबलत गावातनं न्यायची का? त्यो म्हनला, मी जाऊन येतो, दुपारच्या आत येतो, मग नेतो. म्या त्याच्या पाया पडले, निर्मला. लांबनंच पडले. शिवता येत न्हवतं. जिपंच्या म्होरं आडवी झाले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.”

“बैलगाडी नव्हती?”

“सोळा मैल बैलगाडी? आनि जुपायची कुनी, पाटलाच्या हुकमाबिगार?” तिनं शेंगेचं एक टरफल नखानं बारीक बारीक केलं. “चार वाजता गेली. त्यो दिवेलागनीला आला. दुसऱ्या दिशी गावात झालं की हौसानं मारली. कुनी बोलवना. तुज्या बापाला कुनी कामाला घीना. म्हनून आलो हितं.”

मी समजत होते की माझ्या शाळेसाठी आम्ही मिरजेला आलो. तसंच सांगितलं होतं त्यांनी मला. मोठी होईपर्यंत त्याचा मला अभिमान होता.

मी उठले. पाणी प्यायले. परत बसले.

“उद्या मी जाते आणि त्या माणसाच्या तोंडावर हे सांगते. आणि पाटीवर तुझंच नाव लागेल. हॉल गेला खड्ड्यात.”

“माजं नको.”

“का नको? आता तर लागायलाच पाहिजे.”

“माजं नाव मागल्या दारातनं हाका मारून मारून बाटलंय. ऱ्हाऊ दे ते माज्याजवळ.” मग ती एकदम वर बघून म्हणाली, “तिचं लाव.”

“कुणाचं? रत्नमालाचं? त्याला तेच पाहिजे!”

“त्याला त्याच्या वाड्यावर पाहिजे. हार घालायला. तू दुसरीकडं लाव. आनि ती का मेली ते समद्यास्नी सांग. पोटुशी बाया येनार न्हवं का तुज्याकडं? त्यांचे नवरे, सासवा येनार न्हवं का? त्यास्नी सांग.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी गेले. आबा पेपर वाचत होते, ऋजुता स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिचा नवरा तेव्हा दुबईला होता आणि सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघंच. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हात, मागलं दार, जीप, झेंडूची माळ.

“खोटं आहे,” आबा म्हणाले. “आईच्या अंगावरचं झटकायला काहीही बोलाल तुम्ही.”

“मग तुम्ही सांगा. काय झालं त्या दिवशी?”

“मी घरात नव्हतो.”

“कुठं होता?” हे मी नाही, ऋजुतानं विचारलं. 

“बाहेर होतो. काम होतं.”

“आबा, आई नेहमी सांगायच्या की त्यांच्या साखरपुड्याच्या दिवशी घरात वाईट झालं, म्हणून तुमचं लग्न वर्षभर पुढं गेलं. काय वाईट झालं ते कधी सांगितलं नाही त्यांनी. त्यांना आणायलाच गेला होतात ना तुम्ही?”

आबांनी पेपरची घडी केली. पुन्हा उलगडली. “दुपारपर्यंत येणारच होतो मी. उशीर झाला.”

“कशानं उशीर झाला?”

त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

“जेवायला थांबवलं त्यांनी,” ते म्हणाले. “पहिल्यांदाच गेलेलो. नाही म्हणता येईना.”

मी हसले. का हसले माहीत नाही, पण मोठ्यानं हसले. “पुरणपोळी होती का?”

“सिस्टर, तोंड सांभाळून बोला! माझ्या घरात उभ्या आहात तुम्ही.”

“उभीच आहे. माझी आईही उभीच होती. ती मागच्या दारात होती, मी पुढच्या दारानं आले, एवढाच फरक. तिनं तुम्हाला वेळेत सांगितलं होतं. तुम्ही जेवत बसलात आणि नाव तिचं घेतलंत. पस्तीस वर्षं घेतलंत. आणि आता बहिणीच्या नावानं केंद्र काढून वर पुण्यवान व्हायचंय तुम्हाला!”

“निघा. निघा इथून.”

“निघतेच. पण नाव घेऊन निघते. आमचं नाव रत्नमालाच राहणार. फक्त तुमच्या इमारतीत नाही.”

ऋजुता मला दारापर्यंत सोडायलाही आली नाही. मी मनातल्या मनात तिलाही शिव्या दिल्या. संपलं, असं धरूनच घरी आले आणि जुन्या दवाखान्यात पुन्हा घेतील का म्हणून मेट्रनला फोन करायचा विचार करत बसले. चौथ्या दिवशी ती स्कूटीवरून आली. डोळे सुजलेले होते. पाठीमागे तिची व्यायामाची मोठी गादी दोरीनं बांधलेली होती.

“हॉलमध्ये होती ती आणली,” ती म्हणाली. “दुसरी जागा बघायला कधी जायचं?”

“आबा काय म्हणाले?”

“माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही. डबा ठेवते टेबलावर.” मग एकदम तिचा आवाज चढला. “निर्मलाताई, मला पाचवा महिना लागलाय. तुम्हाला सांगायचं होतं त्याच दिवशी, नाव ठरलं की सांगणार होते. आणि मी त्या घरात बाळंत होणार होते! कुणाच्या भरवशावर, सांगा?”

गिरणीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. सकाळी दळण सुरू झालं की जमीन थरथरायची, म्हणून आम्ही वर्ग दुपारी ठेवले. पाटीवर ‘रत्नमाला’ एवढंच मोठ्या अक्षरांत आणि खाली ‘गरोदरपणाचे वर्ग व बाळंतपणात सोबत’ असं लिहिलं. पहिल्या दिवशी सहा जोडपी आली होती. एका सासूनं विचारलं, “रत्नमाला कोण? तुमची आई का?” मी म्हणाले, “नाही. सांगते.” आणि वर्गाची सुरुवात त्यानंच केली. घराण्याचं नाव घेतलं नाही. बाकी काहीही सोडलं नाही, जेवणही सोडलं नाही. सांगून झाल्यावर मी नवऱ्यांना वही दिली आणि गाडी कुणाची, चालवणारा कोण, तो नसला तर दुसरा कोण, हे लिहायला लावलं. एक जण म्हणाला, “मॅडम, बाळंतपणाच्या वर्गात एवढं भीतीदायक कशाला सांगता?” मी म्हणाले, “तुम्हाला भीती वाटावी म्हणूनच.”

दीड महिन्यानं आबा आले. बुधवार होता. बुधवारी आई यायची, बायकांना कंबर दाबायची रीत दाखवायला. वर्ग सुटला होता, ऋजुता डॉक्टरकडे तपासणीला गेली होती. जिना चढून आल्यामुळे आबांना धाप लागली होती. टोपी हातात होती.

“पाटी उतरवा,” ते मला म्हणाले. “गावभर झालंय. लोक मला विचारायला लागलेत. माझ्या बहिणीचं नाव आहे ते.”

“तिचं आहे. तुमचं नाही.”

“मी कोर्टात जाईन.”

“जा. तिथं विचारतील, बहीण कशानं गेली.”

त्यांनी मान वळवली तेव्हा त्यांना भिंतीशी बसलेली आई दिसली. पस्तीस वर्षांनी दोघं समोरासमोर आले होते. आई उठली नाही. मला तेवढ्यातही त्याचं बरं वाटलं. आबाच पुढं गेले. चटईच्या कडेला खाली बसले. जवळ, हात पुरेल इतक्या अंतरावर.

“हौसाबाई,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘बाई’ ऐकून आईच्या भुवया किंचित हलल्या. “तू होतीस तिच्याजवळ. शेवटी ती काय बोलली?”

आईनं त्यांच्याकडे नीट बघितलं. सांग, मी मनात म्हणत होते. जे असेल ते सांग आणि मार त्याला.

“न्हाई सांगायची, पाटील.”

“अगं, मी विचारतोय...”

“कळलं. न्हाई सांगायची.”

ते आणखी पाच-दहा मिनिटं बसले असतील. मग भिंतीला धरून उठले आणि गेले. पाटीबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

मला आईचा इतका अभिमान वाटला की मी तिला मिठीच मारली. “बरं केलंस! राहू दे त्याला जन्मभर विचार करत.”

तिनं मला बाजूला सारलं. “तसं न्हाई गं.”

“मग कसं?”

“ती म्हनत हुती, दादा येतोय. दुपार झाली का गं हौसा, बघ की जिपंचा आवाज येतोय का. मी कळ सोसते, दादा म्हनलाय नेतो म्हनून. बोलनं बंद हुईस्तवर हेच.” आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “हे सांगितलं असतं तर म्हातारा जिना उतरला असता का जित्ता?”

मी तिच्यावर ओरडले. त्या दिवशी मी तिला काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. तुला कुणी एवढी दया दाखवली होती, असं काहीतरी. तिनं ऐकून घेतलं. मग चटया गोळा करायला लागली.

ऋजुताला मुलगी झाली, आमच्या जुन्याच दवाखान्यात, मी आणि आई दोन्ही बाजूंना. आबा बाहेर बाकावर बसून होते. गाडीची किल्ली मुठीत धरून सबंध दिवस बसले होते, असं नंतर कळलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

तीन वर्षांनी ते गेले. ऋजुतानं फोनवर सांगितलं, तेव्हा आई लसूण सोलत होती. मी तिला सांगितलं.

“सुटला बिचारा,” ती म्हणाली.

मी त्याला सुटू दिलं नसतं.